मिश्री भाजू नये

माझं अक्षर वाईट आहे हे मला ठाऊक आहे. चौथी पास झाले आणि त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं मस्टरवर सही करण्यापलीकडं काही लिहिलं नाही. त्यामुळं ओळ डावीकडं सरळ सुरू होते आणि उजवीकडं पोचेपर्यंत वर चढून बसते. ऱ्हस्व-दीर्घाचं विचारूच नका. जिथं शंका येते तिथं काढायला जे सोपं तेच मी काढते. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, तरी चुकून कुणाच्या हातात पडलीच तर त्यानं रागावू नये म्हणून आधीच लिहून ठेवलं. आणखी एक. आमच्याकडं बायकासुद्धा बोलताना 'आलो', 'गेलो', 'करतो' म्हणतात. मीही तसंच बोलते. लिहिताना मात्र शाळेतल्या बाईंनी घोटून घेतलेलं हातातून निघतं.

लिहायला बसले त्याला कारण घडलं. मागच्या आठवड्यात दवाखान्यातल्या एका जुन्या मैत्रिणीच्या घरी लग्न होतं. तिथं पंगतीत आमच्या वेळची चार-पाच माणसं एकत्र आली आणि कुणीतरी म्हणालं, "मामानं विडीनं वॉर्ड पेटवलता ते आठवतंय का?" सगळी हसली. मी भात कालवत होते. "मामांनी नव्हता पेटवला," एवढंच म्हणायचं होतं, पण पंगतीत बोलायचं म्हटलं की माझा घास अडकतो. घरी आले आणि नातीची अर्धी कोरी वही मागून घेतली.

मी दवाखान्यात लागले तेव्हा माझी मुलगी दुसरीत होती. मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, टांगा होता. आधी स्टँडपासून रंकाळ्यापर्यंत त्यांना दिवसभर सवारी मिळायची, पण शहरात रिक्षा वाढल्या आणि टांग्यात बसणारं माणूस उरलं नाही. घोड्याला मात्र रोज खायला लागायचंच. म्हणून मी रोजंदारीवर आया म्हणून कामाला गेले. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. कोल्हापुरातलाच, दगडी भिंतींचा, मागं मोठं चिंचेचं झाड असलेला.

आताच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण तेव्हा दवाखान्यात धूर असायचाच. डॉक्टर राउंडला यायचे ते बोटांत सिगरेट धरून. पेशंटच्या छातीला नळी लावायच्या आधी ती जळती सिगरेट दाराच्या चौकटीवर ठेवायचे आणि तपासून झालं की उचलून पुढच्या वॉर्डात. त्या चौकटीवर एका जागी तपकिरी डाग पडले होते, घासून निघायचे नाहीत. कंपाउंडर औषध मोजताना ओढायचा. स्ट्रेचर ओढणारे, कपडे धुणारे, पहारेकरी, सगळ्यांच्या खिशात विडीचं बंडल. पेशंट पांघरुणात तोंड घालून ओढायचे आणि पांघरुणातून धूर आला की सिस्टर ओरडायच्या. फिनेल आणि विडी, असा मिळून दवाखान्याचा एक वास होता. संध्याकाळी घरी गेले की मुलगी पदराला नाक लावून म्हणायची, "आई, दवाखान्याचा वास."

आम्ही बायका विडी ओढत नव्हतो. आम्ही मिश्री लावायचो. म्हणजे तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, बारीक कुटायची आणि बोटानं दातांना, हिरड्यांना चोळत बसायचं. सकाळी सातच्या ड्युटीआधी आम्ही चौघी आया मागच्या पायरीवर भिंतीला पाठ लावून बसायचो. तोंड भरलेलं असल्यामुळं कुणीच बोलायचं नाही. मला तो वेळ फार आवडायचा. चारचौघींत बसून न बोललेलं चालतं, असा दिवसात तेवढाच वेळ होता. आणि याला तंबाखू म्हणतात असं आमच्यातल्या एकीच्याही कधी मनात आलं नाही. विडी म्हणजे व्यसन. मिश्री म्हणजे दात घासणं.

दवाखान्यात पुरुष कामगारांना मामा म्हणतात आणि बायकांना मावशी. पण नुसतं 'मामा' म्हटलं की सगळ्यांना एकच माणूस समजायचा. बुटके, मान जाड, आवाज मोठा, डोक्यावर मळकी टोपी आणि उजव्या कानावर अर्धी विझवलेली विडी. नोकरीला तीस वर्षं होत आली होती, निवृत्तीला चार उरली होती. माझ्या पहिल्याच दिवशी मी कोपऱ्यात उभी राहिलेली बघून म्हणाले, "पावणं, तोंडात काय धरलंयसा? मिश्री का सोनं?" मी काही बोलले नाही. "सोनंच दिसतंय," म्हणाले, आणि त्या दिवसापासून मला सगळं काम त्यांनीच शिकवलं. "पेशंटला उचलताना त्याच्या पायाकडं बगायचं न्हाय, तोंडाकडं बगायचं. त्येला कळाया पायजे, कुनीतरी आपल्याकडं बगतंय." हे त्यांचं वाक्य मी पुढं किती नव्या पोरींना सांगितलं असेल.

त्यांची विडी साधी विडी नव्हती. एखाद्याचं माणूस दवाखान्यात गेलं की मामा त्या घरच्या कर्त्या पुरुषाला चिंचेखाली घेऊन जायचे. एक विडी त्याला द्यायचे, एक आपण पेटवायचे. विडी संपेपर्यंत दोघं गप्प. संपली की मामा म्हणायचे, "चला, सही करायची हाय." तो माणूस उठून यायचा. ज्यांना डॉक्टरांनी दहा वेळा समजावून ऐकू येत नव्हतं ते मामांच्या एका विडीवर उठून यायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग नवे मोठे डॉक्टर आले. पुण्याकडचे, बारीक अंगाचे, आवाज इतका हळू की ऐकायला वाकावं लागायचं. आल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनी सगळ्या कामगारांना सकाळी अंगणात बोलावलं. आधी खिशातली सिगरेटची डबी काढून हेडक्लार्कच्या हातात दिली आणि म्हणाले, "आजपासून आवारात विडी-सिगरेट बंद. माझीही, डॉक्टरांचीही. आत ऑक्सिजनच्या टाक्या आहेत, दम्याचे पेशंट आहेत. पहिल्यांदा सापडलात तर समज. दुसऱ्यांदा दंड. तिसऱ्यांदा नोकरीच्या पुस्तकात लाल शाईनं शेरा."

लाल शेरा म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. निवृत्त होताना हातात पडणारी रक्कम त्यानं कमी व्हायची.

शेवटी मामांनी हात वर केला.

"साहेब, मानूस मेल्यावर त्येच्या घरच्यांच्या हातात मग काय द्यायचं?"

"पाणी द्या."

"पानी दिलं की मानूस रडतंय, साहेब."

"मग रडू द्या, मामा," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेंटर येऊन भिंतीवर पाटी रंगवून गेला, 'आवारात विडी-सिगरेट ओढू नये.' ती वाचता येणारे कामगार थोडेच होते, पण पाटीवर विडीचं चित्र काढून त्यावर फुली मारली होती. मामा म्हणाले, "चित्र झ्याक काडलंय. बगितलं की वडावीशी वाटती."

त्यानंतरचे दोन महिने म्हणजे नुसती पकडापकडी. कुणी संडासात ओढायचं, कुणी गच्चीवर. डॉक्टर लोक गेटबाहेर आपल्या गाडीत काचा चढवून बसायचे आणि गाडी आतून धुरानं पांढरी व्हायची. मामा एकदा धोब्याच्या खोलीत सापडले. दुसऱ्यांदा सापडले ती गंमत अजून आठवते. साहेब वॉर्डात येताना दिसले म्हणून त्यांनी विडी विझवल्यासारखी केली आणि कानावर ठेवली. ती नीट विझली नव्हती. मामा सरळ उभे राहून साहेबांना टाक्या किती भरल्यात ते सांगताहेत आणि टोपीच्या बाजूनं धुराची बारीक रेघ वर चाललीय. साहेब म्हणाले, "मामा, तुमचं डोकं तापलंय." दंड झाला.

त्याच आठवड्यात मामा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पोरी, मी सोडली."

"काय?"

"विडी गं. तुला सांगतोय, कारन तू कुनाला सांगत न्हाईस. बाकीच्यास्नी कळलं की मला जगू देनार न्हाईत."

खिशात बंडलाऐवजी फुटाणे आले. ओढायची हुक्की आली की मूठभर फुटाणे तोंडात टाकायचे. पहिले तीन दिवस कुणी बोलायला गेलं की अंगावर यायचे. मग हळूहळू निवळले. रोज सकाळी जाता जाता मला बोटं दाखवायचे: पाच, सहा, सात. मी मान हलवायची.

आता मी माझ्याकडं येते.

आमची मिश्री घरी भाजायची म्हणजे कटकट होती. आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. घरमालकीण म्हणायची, "तुजी मिश्री भाजाय लागली की माजं अख्खं घर शिंकतंय." खरंच तो धूर असा असतो की शेजारच्या घरातल्यालाही ठसका लागतो. म्हणून आम्ही चौघी पाळीपाळीनं दवाखान्यातच भाजायचो. वॉर्डाच्या टोकाला इंजेक्शनच्या सुया उकळायची एक लहान खोली होती. तिथं स्टोव्ह होता, खिडकी मागच्या अंगणात उघडायची. रविवारी दुपारी डॉक्टर नसायचे. बिस्किटाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण स्टोव्हवर ठेवायचं आणि भाजायचं. पाटी लागल्यावरही आम्ही भाजत होतो. चोरून नव्हे. पाटीवर विडी-सिगरेट लिहिलं होतं, चित्रही विडीचंच होतं. आमचा त्या पाटीशी संबंध आहे असं देवाशपथ कुणाला वाटलं नाही.

त्या रविवारी पाळी माझी होती. तंबाखू जरा ओलसर होती म्हणून जास्त वेळ ठेवली आणि तिनं कडेनं अंगार धरला. तेवढ्यात बाहेर सिस्टरांच्या बुटांचा आवाज आला. मोठ्या सिस्टर शिस्तीच्या, रविवारीसुद्धा कधीही यायच्या. मला मिश्रीची भीती नव्हती. दवाखान्याचं रॉकेल जाळलं म्हणून रागावतील, याची होती. मी झाकण चिमट्यानं उचललं, शेजारच्या सामानाच्या खोलीत नेलं आणि रचून ठेवलेल्या काथ्याच्या गाद्यांच्या मागं ठेवलं. स्टोव्ह बंद केला. सिस्टर आत येऊन, "सुया झाल्या?" एवढं विचारून गेल्या. मग चार नंबरच्या बाईनं भांडं मागितलं, सहा नंबरचं बाळ रडायला लागलं, आणि मी झाकण विसरले.

अर्ध्या तासानं वॉर्डात धूर आला. आधी वाटलं बाहेर कुणी पाला जाळतंय. मग दाराशी झोपलेली दम्याची म्हातारी उठून बसली आणि तिला श्वास घेता येईना. दोन्ही हातांनी ती हवा ओढत होती. पेशंटचे नातेवाईक ओरडत पळायला लागले. मामा कुठून आले कळलं नाही. तोंडाला टॉवेल गुंडाळून त्या खोलीत शिरले आणि धुमसणाऱ्या गाद्या एकेक करून ओढत अंगणात नेल्या. खोलीच्या पलीकडच्या भिंतीला ऑक्सिजनची टाकी होती. मामांच्या हातांवरचे केस जळाले होते. गादी ओढताना झाकण घरंगळत माझ्या पायापाशी आलं. मी ते पदराखाली घेतलं. अजून गरम होतं, कमरेला चटका बसला, त्याचा डाग अजून आहे.

म्हातारीला ऑक्सिजन लावला. संध्याकाळी तिनं चहा मागितला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. पण त्याआधी साहेब घरून आले, पायजम्यावरच. दोन गाद्या आणि एक घोंगडी जळून गेली होती. सिस्टर म्हणाल्या, "वास तंबाखूचा आहे, सर."

सगळ्यांनी मामांकडं बघितलं.

"म्या न्हाय वडली, साहेब," मामा म्हणाले. "बारा दिस झालं, शिवलोबी न्हाय."

मागून मलमपट्टी करणारा एक ड्रेसर म्हणाला, "बारा दिवस झाले? मग बाराव्याचं जेवन कधी, मामा?"

सगळे हसले. इतका वेळ घाबरलेली माणसं, त्यांना हसायला काहीतरी हवंच होतं. मामांनी खिशात हात घालून मूठभर फुटाणे काढले आणि साहेबांपुढं धरले, पुरावा म्हणून. त्यावर आणखी हसले. साहेब हसले नाहीत. दमलेल्या आवाजात म्हणाले, "मामा, दोनदा सांगितलं होतं. शनिवारी शेरा लिहिला जाईल. गाद्यांची किंमत पगारातून कापली जाईल."

मी तिथंच होते. दोन हातांवर. पदराखाली झाकण. तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी सुटले तेव्हा मामा गेटबाहेर चहाच्या गाड्यापाशी उभे राहून विडी ओढत होते. एक संपली की दुसरी.

त्या आठवड्यात मी तीन वेळा साहेबांच्या केबिनपर्यंत गेले. मनात वाक्य जुळवून जायची. दाराशी शिपाई विचारायचा, "काय काम?" आणि माझं वाक्य पळून जायचं. मी म्हणायची, "टेबल पुसायला आलो." मग खरंच आत जाऊन टेबल पुसायची. तिसऱ्या दिवशी साहेब कागदातून वर न बघता म्हणाले, "मावशी, टेबल झिजेल आता."

भीती एकच होती. मी रोजंदारीवर होते. उद्यापासून येऊ नकोस म्हटलं की संपलं. टांग्याचं मिळणं जवळजवळ बंद झालं होतं आणि मुलीची फी माझ्या रोजावर चालत होती. पण शनिवार आला की मामांच्या तीस वर्षांवर लाल शाई पडणार होती. त्याच आठवड्यात पगाराचा दिवस आला आणि गाद्यांचे एकशे अठरा रुपये त्यांच्या पगारातून एकदम कापले गेले. खिडकीवर पैसे घेताना त्यांनी ते मोजलेसुद्धा नाहीत.

शुक्रवारी सुटल्यावर मी चहाच्या गाड्यावर गेले. तिथं बायका उभ्या राहत नसत. मामांनी मला बघून विडी मागं धरली.

"मामा, मला बोलायचं हाय."

"तू? बोलायचं?" त्यांनी चहावाल्याला खूण केली. "आदी चा घे, न्हायतर पडशील."

चहा हातात आला. मी कपाकडं बघत म्हणाले, "ती विडी नव्हती."

"ठावं हाय."

"मिश्री भाजत होतो मी. झाकण गाद्यांमागं ठेवलं."

"आगं ठावं हाय म्हनतोय न्हवं. तीस वर्सं विडी वडतोय. विडीचा वास कुटला आन् मिश्रीचा कुटला, ह्ये मला कळंना व्हय?"

"मग बोलला का न्हाईसा?"

"माजी न्हवं म्हनलो की. तुजी हाय म्हनून कशापायी सांगू? रोजावरची तू. तुला हाकलली असती. माजं काय, पुस्तकात चार अक्षरं लाल. मला कुटं वाचाया येतंय?"

"पैसं कमी मिळतील की, मामा."

"मिळतील." त्यांनी मागं धरलेली विडी पुढं आणली. "मामीला अजून सांगितलं न्हाय." मग विडीकडं बघून, "बारा दिस काडलं व्हतं गं. माज्या बापानं बी काडलं नसतं."

मला मामांचा राग सोसला असता. हे सोसलं नाही.

शनिवारी सकाळी मी केबिनच्या दाराशी शिपायाला काहीच सांगितलं नाही. सरळ आत गेले. वाक्य येणार नाही हे माहीत होतं, म्हणून झाकण घेऊन गेले होते. त्यात काळी पडलेली मिश्री अजून चिकटून होती. ते साहेबांच्या टेबलावर, पुसून पुसून चकचकीत केलेल्या टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"मिश्री."

साहेबांनी चिमूटभर घेऊन नाकाशी नेली. तीनदा शिंकले. डोळे पुसत म्हणाले, "ही तंबाखू आहे!"

"न्हाय साहेब, मिश्री हाय. तंबाखू आमी लावत न्हाय."

"मग हे कशाचं करता?"

"तंबाखूचं," मी म्हणाले. आणि तोंडातून निघाल्यावर मला ते पहिल्यांदा ऐकू आलं.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मावशी, मी लावलेली पाटी कुणासाठी होती असं तुम्हांला वाटलं?"

"पुरुषांसाठी."

मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. स्टोव्ह, बूट, गाद्या, चार नंबरची बाई, सगळं उलटसुलट. मधेच मी म्हणाले, "मामांनी बारा दिवस काढले होते, खरंच काढले होते." हे मी तीन-चारदा म्हणाले असेन. साहेबांनी सिस्टरांना बोलावून झाकण पुढं केलं. "सिस्टर, हे बघितलंय कधी?"

सिस्टरांनी वाकून बघितलं आणि पटकन म्हणाल्या, "ही जास्त भाजलीय, सर. ओलसर असली की अशीच कडेनं अंगार धरते. काळी होत आली की लगेच उतरवायची असते."

साहेब म्हणाले, "तुम्हांला बरीच माहिती आहे."

"माझी आई लावते," सिस्टर म्हणाल्या आणि घड्याळाकडं बघायला लागल्या. त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या दिवसांत मला त्या पहिल्यांदाच आमच्यातल्या वाटल्या.

साहेबांनी मामांना आत बोलावून घेतलं आणि दार लावलं. म्हणाले, "मामा, तुम्ही खरं सांगत होता. मी ऐकायला हवं होतं. शेरा लिहिला जाणार नाही."

मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मी खाली बघितलं. मग साहेबांना म्हणाले, "पर साहेब, आता वडतोय की मी."

"वास येतोय. पुन्हा सोडा."

"बगू."

"आन् हिला?" मामांनीच पुढं विचारलं.

"एक आठवडा बिनपगारी," साहेब म्हणाले. "त्यानंतर कामावर. आणि मावशी, पुन्हा टेबल पुसायला येऊ नका."

माझं नाव चारचौघांत निघू नये म्हणून हे सगळं साहेबांनी दाराआड ठेवलं. त्यांचा हेतू चांगला होता. पण त्यामुळंच मामांची विडी आणि वॉर्ड, ही गोष्ट अजून लग्नाच्या पंगतीत चुकीची सांगतात. बाहेर लोकांना एवढंच दिसलं की पेंटर पुन्हा आला आणि पाटीखाली एक ओळ वाढवून गेला, 'मिश्री भाजू नये.' पेशंट ती वाचून हसायचे. आम्ही चौघी पायरीवर बसून ती बघायचो आणि बोटं तोंडात तशीच राहायची.

मी त्यानंतर मिश्री सोडली असं लिहिलं तर खोटं होईल. पुष्कळ वर्षांनी दात हलायला लागले तेव्हा कमी केली. पण दवाखान्यात परत कधी भाजली नाही, आणि सिस्टर एकदा पायरीवरून जाताना थांबून म्हणाल्या, "मावशी, विकत मिळते, तयार," एवढंच.

शेरा गेला, पण कापलेले पैसे परत येईनात. हेडक्लार्क म्हणाला, भरणा झाला, आता वर्षभर कागद फिरवा. मी मामांना म्हणाले, "ते मी देणार." ते नको म्हणाले, मी ऐकलं नाही. त्यांच्यापुढं मी हट्ट केलेला तो पहिलाच. दर महिन्याला पाच रुपये द्यायचं ठरलं. पहिल्या पाचाला मामा हसून म्हणाले, "झ्याक झालं. म्हयन्याच्या विड्या भागल्या."

ते ऐकून मी सगळी संध्याकाळ बेचैन होते. दुसऱ्या महिन्यात त्यांच्या हातात काहीच दिलं नाही. त्यांच्या खोलीवर गेले आणि पाच रुपये मामींच्या हातात ठेवून सगळं सांगितलं, गाद्यांचंही, शेऱ्याचंही. मामींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हितनं पुडं माज्याच हातात देत जा." दुसऱ्या दिवशी मामा वॉर्डात लांबूनच ओरडले, "आगं, गप बसनारी म्हनून तुला जवळ केली, आन् तू माज्याच घरात जाऊन बोललीस व्हय!"

काही महिने चुकले. मुलीला टायफॉइड झाला तेव्हा चुकले, घोडा विकला तेव्हा चुकले. मी कायम झाले त्या महिन्यात मात्र एकदम दहा दिले. मामा निवृत्त झाले, त्यांना त्यांची रक्कम पूर्ण मिळाली, आणि ते बिद्रीकडच्या आपल्या गावी राहायला गेले. तेव्हा माझे अठरा रुपये राहिले होते.

ते द्यायला मी एका रविवारी मुलीला घेऊन एस.टी.नं गेले. साखर कारखान्याचा सीझन चालू होता, गावभर मळीचा वास. मामा घराबाहेर दगडावर बसून विडी ओढत होते. मला बघून म्हणाले, "ये. आत विडी बंद हाय. तिकडं साहेबांचं राज्य व्हतं, हितं मामीचं. मानसानं जायचं कुटं?" खोकले, आणि हसले. मुलीला जवळ बसवून घेतलं आणि खिशातून मूठभर फुटाणे काढून दिले. विडी सोडली होती तेव्हापासून फुटाणे चालूच आहेत म्हणाले, विडीबरोबर विडी आणि फुटाण्याबरोबर फुटाणे.

आत मामींनी चूल पेटवली होती. मी दहाची एक, पाचाची एक आणि रुपयाच्या तीन नोटा त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी उलट्यासुलट्या करून दोनदा मोजल्या आणि लुगड्याच्या पदराच्या टोकाला बांधल्या.

बाहेरून मामा ओरडले, "किती दिलं गं तिनं?"

"तुमाला काय करायचंय!" मामी म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, "फिटलं पोरी. समदं फिटलं."